मामंजींची येझदी आणि जिन्याखालचा पेट्रोलचा वास



एरवी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गळका नळ असतो, शिट्टी न होणारा कुकर असतो, फार तर मिक्सरचं जळलेलं मोटर असतं. या आठवड्याचं पत्र निराळं आहे. मुलुंडच्या एक भगिनी लिहितात:

"आमच्या मामंजींनी १९८२ साली येझदी मोटारसायकल घेतली. लग्न होऊन आले तेव्हा स्टेशनवरून घरी मी तिच्यावरच बसून आले. मामंजींना जाऊन तीन वर्षं झाली. हे दर रविवारी ती पुसतात, महिन्यातून एकदा फिरवून आणतात. गाडी जिन्याखाली, विजेच्या मीटरच्या पेटीपाशी उभी असते. पावसाळा संपल्यापासून सकाळी दार उघडलं की पेट्रोलचा वास येतो आणि खाली तेलकट डाग दिसतो. यंदा दसऱ्याला सासूबाईंनी गाडीला झेंडूचा हार घातला, निरांजन लावायला काडी पेटवणार, तोच धाकटा म्हणाला, 'आजी, गाडीतून काय गळतंय?' माझे तर हातपाय गार पडले. मेकॅनिकला विचारलं तर म्हणतो, 'जुनी गाडी आहे वहिनी, थोडं गळणारच.' सोसायटीच्या सेक्रेटरींनी पंधरा दिवसांत गाडी हलवा म्हणून चिठ्ठी दिली आहे. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला, तेव्हापासून सासूबाई धड जेवत नाहीत. गाडी ठेवावी की काढावी?"

ताई, आधी एक गोष्ट सांगते. सेक्रेटरींवर रागावू नका. त्यांचं बरोबर आहे. पण मेकॅनिकचं मुळीच बरोबर नाही. जुनी गाडी गळणारच, हे म्हणणं म्हणजे जुना कुकर वाफ सोडणारच असं म्हणण्यासारखं आहे. कुकरची रिंग कडक झाली की आपण कुकर मोडीत काढत नाही, रिंग बदलतो. तुमच्या येझदीचंही तसंच आहे. मात्र ती रिंग बदलेपर्यंत गाडी आहे तिथे एक रात्रसुद्धा ठेवू नका.

आज संध्याकाळीच करायचं काम

पेट्रोल उडायला ऊन लागत नाही. शून्याच्या खाली चाळीस अंशांच्या थंडीतसुद्धा त्याची पेट घेणारी वाफ तयार होते, मग आपल्या मुंबईच्या उकाड्याचं काय सांगावं! आणि ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. गॅसवरच्या दुधाची वाफ वर जाते, तशी ही जात नाही. ती जमिनीलगत पसरते, जिन्याखालच्या खोलगट जागेत साचून राहते आणि ठिणगीची वाट पाहते. मीटरच्या पेटीतली सैल वायर, कुणाची विडी, तुळशीपुढचा दिवा, काहीही पुरतं. म्हणून धाकट्यानं त्या दिवशी विचारलं ते तुमच्या घरावर उपकारच झाले म्हणायचे.

तर आज यांच्याकडून तीन गोष्टी करून घ्या. टाकीखालचा पेट्रोल कॉक बंद करायचा. गाडी चालू न करता ढकलत, जिन्याखालून मोकळ्या हवेत न्यायची. आणि खाली पडलेल्या पेट्रोलवर कोरडी वाळू किंवा माती टाकून, भरून, बाहेर उघड्यावर सुकू द्यायची. फरशी धुऊन पाणी मोरीत सोडू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, ते गटारातून दुसऱ्याच्या दारात जाईल. याच कारणानं पेटलेल्या पेट्रोलवर कधी पाणी ओतायचं नाही. वाळू टाकायची किंवा कोरड्या पावडरचं आग विझवायचं नळकांडं वापरायचं, माणसांना लांब करायचं आणि १०१ फिरवायचा.

कार्बोरेटर म्हणजे गच्चीवरची टाकीच

आता दुखणं समजून घेऊ. कार्बोरेटर म्हटलं की आपण बायका 'ते यांचं खातं' म्हणून सोडून देतो. पण याची करणी आपल्याला रोज दिसते. सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पाणी चढलं की आतला बॉल तरंगत वर येतो आणि नळाचं तोंड बंद करतो. पाणी उतरलं की बॉल खाली जातो, तोंड उघडतं. बॉल बिघडला की टाकी भरूनही पाणी येतच राहतं आणि बाजूच्या नळीतून खाली कोसळतं.

कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत अगदी हेच चालतं. पेट्रोल वरच्या टाकीतून आपल्या वजनानं नळीवाटे खाली येतं. वाटीत एक छोटा फ्लोट असतो. पेट्रोल चढलं की तो वर येऊन एका टोकदार निडलला तिच्या भोकात दाबून बसवतो आणि येणं थांबतं. इंजिनानं पेट्रोल ओढलं की फ्लोट उतरतो, निडल सुटते. निडल नीट बसली नाही की पेट्रोल वाटीबाहेर वाहतं. मेकॅनिक त्याला 'ओव्हरफ्लो' म्हणतात तो हाच.

गाडी चालू असताना इंजिन पेट्रोल खातं, म्हणून गळती फारशी कळत नाही. रात्री गाडी उभी असते, कॉक उघडा राहिलेला असतो आणि टाकी रात्रभर थेंबथेंब रिकामी होत असते. तुमच्याकडे सकाळीच वास येतो, त्याचं कारण हे. नुकसानही थोडं समजू नका. दर दोन सेकंदांना एक थेंब धरला तर चोवीस तासांत त्रेचाळीस हजारांवर थेंब होतात. चाळीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी लिटरभर पेट्रोल गेलं. मुंबईत पेट्रोलनं मे २०२१मध्येच शंभरी ओलांडली, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

शिवाय गळलेलं सगळंच पेट्रोल बाहेर पडतं असं नाही. काही आत इंजिनात उतरतं. येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाडीला मग सकाळी किका मारून मारून पाय दुखतो आणि प्लग भिजलेला निघतो. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोकमध्ये ते इंजिनच्या ऑइलमध्ये मिसळून ऑइल पातळ करतं, आणि पातळ ऑइलवर इंजिन झिजतं.

गळतं कुठून, हे शोधायचं कसं?

मेकॅनिककडे जाण्याआधी गळतीची जागा आपण पाहून ठेवावी. जागा सांगता आली की बिल आपोआप आटोक्यात राहतं. दिवसाउजेडी, उघड्यावर, इंजिन पूर्ण गार असताना हे करा. मुलं लांब, उदबत्ती-काडेपेटी लांब, हातातला मोबाइल घरात.

कार्बोरेटर आणि नळी जुन्या सुती चिंधीनं कोरडी पुसून घ्या. त्यावर साधी टाल्कम पावडर हलकेच भुरभुरवा. मग कॉक उघडा आणि दहा मिनिटं नुसतं पाहत बसा. पेट्रोल जिथून निघेल तिथली पावडर आधी ओली होईल. थेंब नेहमी सगळ्यात खालच्या टोकाला लोंबतो, त्यामुळे आपण फसतो. पावडर फसत नाही.

नळीच्या टोकाशी ओलं झालं तर नळी कडक होऊन चिरली आहे. हे सगळ्यात सोपं दुखणं. नळी आणि दोन्ही टोकांच्या क्लिपा नव्या घाला. पेट्रोलसाठी बनवलेलीच नळी मागा, पाण्याची पारदर्शक नळी चालत नाही.

कॉकपाशी ओलं झालं, किंवा कॉक बंद करूनही खाली पेट्रोल येतच राहिलं, तर आतला वॉशर गेला. कित्येक जुन्या गाड्यांत तो बुचाचा असतो. गाडी महिनोन्महिने कोरडी उभी राहिली की बूच आक्रसतं.

वाटीच्या जोडावर ओलं झालं तर मधलं पॅकिंग वाळलं आहे. इथे पुरुषांची एक खोड असते. गळलं की स्क्रू आवळायचा, पुन्हा गळलं की आणखी आवळायचा. कार्बोरेटरचा धातू मऊ असतो. जोर केला की कड वाकते, आटे जातात आणि शंभराचं काम हजारावर जातं. नवं पॅकिंग घालून समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं, बेतानं आवळायचे.

आणि वाटीच्या बाजूच्या बारीक नळीतून किंवा भोकातून थेंब येत असेल, तर तो ओव्हरफ्लो. दोष फ्लोट आणि निडलचा.

एक अपवाद सांगून ठेवते. जुन्या जावा-येझदीच्या आणि जुन्या बुलेटच्या कार्बोरेटरवर टिकलर नावाचं एक छोटं बटण असतं. गार गाडी सुरू करताना ते दाबलं की फ्लोट खाली ढकलला जातो आणि दोन थेंब मुद्दाम बाहेर येतात. तो दोष नव्हे. बटण सोडल्यावरही थेंब येतच राहिले तर मात्र तक्रार खरी.

तुमच्या पत्रातला तेलकट डागही बरंच सांगून जातो. या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं. पेट्रोल उडून जातं, ऑइल मागे राहतं. म्हणजे डाग जेवढा दिसतो त्याच्या कितीतरी पट पेट्रोल तुमच्या जिन्याखाली उडून गेलेलं आहे.

निडल का बसत नाही?

बहुधा कारण क्षुल्लक असतं: कचरा. अर्धवट भरलेली टाकी मुंबईच्या पावसाळी दमट हवेत आतून गंजते. गंजाचा मोहरीएवढा कण निडलच्या टोकाशी अडकला की तोंड उघडंच राहतं. कधी कधी स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं वाटीवर दोन हलक्या टिचक्या मारल्या की कण सुटतो आणि गळणं थांबतं. थांबलं तर आनंद आहे, पण काम झालं असं समजू नका. टाकीतला बाकीचा गंज आहेच. टाकी आणि कॉकची जाळी साफ करून, नळीत छोटा फिल्टर बसवून घ्या.

दुसरं कारण झीज. निडलचं टोक उजेडात धरून पाहायचं. आपले वाचायचे चष्मे इथे कामी येतात! टोकावर गोल वळ उमटलेला दिसला तर निडल संपली. नवी निडल जुन्या भोकात बसवून भागत नाही. शक्य असेल तिथे दोन्ही बरोबर बदलावीत.

तिसरं कारण फुटका फ्लोट. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत खळखळ ऐकू आली तर बारीक भोकातून पेट्रोल आत शिरलं आहे आणि फ्लोट जड होऊन बुडतो आहे. त्याला डाग द्यायची घाई घरी करू नका. आत पेट्रोल असताना तापवणं जिवावरचं आहे. नवा मिळाला तर उत्तमच.

आणि चौथं कारण आपल्या काळातलं. आता पंपावर मिळतं ते निव्वळ पेट्रोल नव्हे, त्यात इथेनॉल असतं. देशानं वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०२५मध्ये गाठलं. जुन्या गाड्यांचं रबर इथेनॉलसाठी बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, मग सुकलं की चिरतं. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं. म्हणून 'इतकी वर्षं गळली नाही, आताच कशी गळायला लागली?' या प्रश्नाचं एक उत्तर इथेही असू शकतं. नवी नळी, ओ-रिंग, पॅकिंग घेताना इथेनॉलला टिकणारी द्या, असं स्पष्ट सांगा. आणि गाडी महिनाभराहून अधिक उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा.

मेकॅनिककडे काय बोलायचं?

येझदी निघायची म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात. १९६१पासून तिथे जावा बनू लागली, पुढे तीच येझदी झाली आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. नव्या येझदी २०२२पासून आल्या आहेत, पण त्या वेगळ्या. त्यांचे भाग मामंजींच्या गाडीला चालायचे नाहीत. शिवाय एप्रिल २०२०मध्ये प्रदूषणाचे नवे नियम आल्यापासून नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपारच झाला. त्यामुळे गल्लीतल्या तरुण मेकॅनिकनं फ्लोट-निडल फारशी हाताळलेली नसली तर त्याचा दोष नाही. पन्नाशी ओलांडलेला, टू-स्ट्रोकवर हात बसलेला मिस्त्री शोधा. जुन्या गाड्या सांभाळणारी माणसं एकमेकांना धरून असतात. यांनी एकाला विचारलं तर तो तिघांचे पत्ते देईल. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर धुंडाळता येतात. जाताना जुना भाग बरोबर न्या, कारण एकाच गाडीला निरनिराळ्या वर्षी निरनिराळे कार्बोरेटर लागलेले आहेत.

मिस्त्रीला 'गळतंय, बघा' एवढंच सांगू नका. म्हणा: 'ओव्हरफ्लो होतो आहे. निडल, तिची सीट, फ्लोट आणि पॅकिंग तपासा, फ्लोटची पातळी लावा, टाकी आणि जाळी साफ करा, आणि काढलेले जुने भाग मला परत द्या.' हे शेवटचं वाक्य विसरू नका. मी स्वतः एकदा विसरले होते. स्कूटरला नवी निडल घातल्याचे पैसे दिले आणि आठवड्यानं उघडून पाहिलं तर जुनीच निडल पुसून बसवलेली! त्या दिवसापासून जुना भाग हातात आल्याशिवाय मी पाकीट उघडत नाही.

काही जण गळत्या जोडावर एम-सील थापून देतात. कार्बोरेटरवर ते मान्य करू नका. पुढच्या वेळी उघडताना तो जोडच तुटतो. टाकीच्या बारीक गळतीला साबण चोळायची जुनी युक्ती आहे, तीसुद्धा फक्त मिस्त्रीपर्यंत पोहोचण्यापुरती.

दोन घरगुती सूचना

पेट्रोल काढावं लागलं तर ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही, पाच मिनिटांपुरतंही नाही. तहानलेलं मूल बाटलीवरचं नाव वाचत बसत नाही. आणि नळी तोंडानं ओढून पेट्रोल काढायची सवय यांना असेल तर ती आजच मोडा. चुकून कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी करवू नका. उलटीबरोबर पेट्रोल फुप्फुसात उतरतं, ते जास्त घातक. तोंड पुसून तडक दवाखान्यात न्या.

पेट्रोलनं भिजलेले कपडे आणि चिंध्या घरात, विशेषतः स्वयंपाकघरात आणू नका. आधी बाहेर दोरीवर पूर्ण वाळू द्या, वास गेल्यावर वेगळे हातानं धुवा. मशीनमध्ये टाकू नका, वास असेपर्यंत इस्त्री तर नाहीच नाही. हाताचा वास साबण आणि थोड्या बेसनानं चोळून जातो.

ठेवावी की काढावी?

ताई, आता तुमचा खरा प्रश्न. सेक्रेटरींच्या चिठ्ठीला दोन ओळींचं नम्र उत्तर द्या: गाडी मीटरपासून हलवली आहे, कॉक बंद आहे, दुरुस्तीला देत आहोत. दुरुस्ती होऊन आली की लगेच जिन्याखाली नेऊ नका. आठ दिवस मोकळ्या जागी मेन स्टँडवर सरळ उभी ठेवा. साइड स्टँडवर गाडी कलते आणि वाटीतली पातळी बिघडते. रोज सकाळी कार्बोरेटरच्या बुडाशी कोरडी चिंधी फिरवून पाहा. आठही दिवस चिंधी कोरडी आणि वास नाही, तर सेक्रेटरींना बोलावून दाखवा. माणूस कागदापेक्षा स्वतःच्या नाकावर जास्त विश्वास ठेवतो.

तरीही मीटरशेजारची जागा कायमची सोडा. ती जागा कुठल्याच पेट्रोलच्या गाडीसाठी नव्हे, नव्या कोऱ्या गाडीसाठीही नाही. आणि एवढं करूनही कुणाकडून ती सावरली नाही, तर टाकी आणि कार्बोरेटर पूर्ण रिकामे करून ती नुसती आठवण म्हणून ठेवता येईल. रिकामी टाकीसुद्धा आतल्या वाफेमुळे पेट घेते, म्हणून झाकण उघडून उघड्यावर चांगली वाळवायची. भंगारवाल्याला हाक मारायची वेळ त्याच्याही नंतरची.

एक काम मात्र मिस्त्रीचं नाही, तुमचं आहे. गाडी उभी केली की कॉक बंद करणं. आपण गॅसचा नॉब बंद करून रेग्युलेटरही बंद करतो ना, तसंच. यांच्या हाताला ती सवय लागेपर्यंत रात्री दार लावताना तुम्ही विचारत जा, 'कॉक बंद केला?' आणि हे काम सासूबाईंवर सोपवलंत तर आणखी बरं. मामंजींच्या गाडीचं काहीतरी आपल्या हाती आहे, एवढ्यानंच त्यांच्या घशाखाली दोन घास जास्त उतरतील.

पुढच्या दसऱ्याला हार जरूर घाला. फक्त गाडी मोकळ्यावर, कॉक बंद, आधी वास घेऊन पाहिलेला, आणि निरांजन चार हात लांबून ओवाळलेलं. नारळही तिच्यापुढे फोडा. येझदी तुमची आहे, अजून पुष्कळ चालेल.

पुढच्या आठवड्यात: बोरिवलीच्या भगिनीनं विचारलेल्या गीझरच्या खडखडाटाविषयी.